अकरा हजार पक्षी, चौदा प्रश्न

जगात पक्ष्यांच्या सुमारे ११,००० प्रजाती आहेत. त्यातल्या जवळपास निम्म्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या, म्हणजे पिल्लू असताना वडीलधाऱ्यांचं ऐकून आपलं गाणं शिकणाऱ्या. उरलेल्याही मुक्या नाहीत. टिटवी रात्रीबेरात्री ओरडते, घुबड घुमतं, मोराची केका दोन डोंगर ओलांडून जाते. प्रजातीमागे एकच आवाज धरला तरी ११,००० आवाज झाले, आणि एका आवाजावर भागवणारे पक्षी थोडेच. जोडीदाराला घातलेली साद वेगळी, साप दिसल्यावरचा गलका वेगळा, भुकेल्या पिल्लाचा हट्ट वेगळा, उडता उडता सोबत्यांना दिलेली खूण आणखी वेगळी. हे सगळं पाठ करायचं म्हटलं तर एक जन्म पुरायचा नाही.

पण हाच ढीग गणिताच्या बाजूने पाहिला, तर चित्र पालटतं. हो किंवा नाही एवढंच उत्तर असलेला एक नेमका प्रश्न यादी अर्धी करतो. ११,००० चे ५,५०० होतात, मग २,७५०, मग १,३७५. असं निम्मं निम्मं करत गेलं की चौदाव्या प्रश्नाला यादीत एकच नाव उरतं. दोनाचा चौदावा घात १६,३८४ भरतो, म्हणजे जगातले सगळे पक्षी त्यात बसून वर जागा राहते. आवाजावरून पक्षी ओळखणारे जाणकार नकळत हेच करत असतात. ते पाठांतर करत नाहीत, वजाबाकी करतात.

ही वजाबाकी कशी चालते ते पाहूच. त्याआधी ती कशातून करायची आहे, त्याचा आवाका बघू.

एका दिवसात २२,१९७

१९५२ साली कॅनडातल्या ओंटारिओमध्ये लुईस द किरिलीन लॉरेन्स या पक्षीनिरीक्षक बाईंनी एक अचाट काम केलं. रेड-आइड व्हिरिओ जातीच्या एका नराचं गाणं त्यांनी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत मोजलं. दिवसअखेर आकडा भरला २२,१९७. हा पक्षी जेमतेम १५ ते २० ग्रॅम वजनाचा. दिवसाचे चौदा तास धरले, तर दर मिनिटाला सरासरी सव्वीस वेळा गाणं झालं, आणि त्यातच किडे शोधणं, खाणं, हद्दीत घुसणाऱ्याला हाकलणंही आलं.

आपल्याकडचा तांबट चिकाटीत मागे नाही. उन्हाळ्याच्या दुपारी वडा-पिंपळावरून त्याची टुक-टुक चालू असते, ती मिनिटाला १०८ ते १२१ ठोक्यांच्या लयीत. एका दमात २०४ पर्यंत ठोके मोजले गेले आहेत. तांबटासारखे पक्षी ओळखायला सोपे, कारण ते तेच ते म्हणतात.

अवघड असतात ते भांडार बाळगणारे. युरोपातल्या नाइटिंगेलचा एक नर दोनशेच्या आसपास वेगवेगळी गाणी म्हणतो. उत्तर अमेरिकेतल्या ब्राउन थ्रॅशरकडे हजाराहून अधिक प्रकार असतात. त्याही पलीकडचे म्हणजे नकलाकार. मार्श वॉर्बलर हा छोटा वटवट्या युरोपात वीण करतो आणि हिवाळा काढायला आफ्रिकेत जातो. त्याच्या गाण्यांच्या अभ्यासात एकेका नराच्या गळ्यात सरासरी ७६ इतर प्रजातींचे आवाज सापडले. सगळ्या नरांच्या नकला एकत्र केल्या तेव्हा यादी २१२ वर गेली. त्यात ९९ प्रजाती युरोपातल्या आणि ११३ आफ्रिकेतल्या. युरोपातल्या झुडपात बसून तो आफ्रिकेच्या रानातले पक्षी ऐकवतो. आपल्या जंगलात हा उद्योग भृंगराज करतो. शिक्रा ओरडला म्हणून मान वर करावी, तर फांदीवर लांब शेपटीची दोन पिसं हलवत हे महाशय बसलेले.

२३ हर्ट्झपासून १३,४०० हर्ट्झपर्यंत

पट्टीचं म्हणाल तर एका टोकाला न्यू गिनीचा कॅसोवरी आहे. त्याचा खर्ज २३ हर्ट्झपर्यंत उतरतो. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झला हात टेकतो, त्यामुळे तो आवाज कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. दुसऱ्या टोकाला इक्वेडोरच्या अँडीज पर्वतात राहणारा हिलस्टार हा गुंजनपक्षी १३,४०० हर्ट्झच्या आसपास गातो. दोहोंमध्ये अंतर नऊ सप्तकांहून जास्त. आपले गवई तीन सप्तकं फिरले तरी मैफल जिंकतात.

वेगाचीही तीच गत. पॅसिफिक रेन सेकंदाला सरासरी ३६ सूर काढतो. आपण बोलताना सेकंदाला चार-पाच अक्षरं उच्चारतो. एवढ्या घाईने आलेले सूर आपल्या कानात एकमेकांत मिसळतात आणि एक थरथर तेवढी ऐकू येते. पक्ष्याला मात्र तो प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो.

हे जमतं ते सिरिंक्समुळे. श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे हा अवयव असतो. त्याच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे वाजू शकतात, म्हणून एकच पक्षी एकाच क्षणी दोन वेगळे सूर काढू शकतो. युरोपातल्या स्टार्लिंग साळुंकीच्या सिरिंक्सचे स्नायू सेकंदाला २५० वेळा आकसू-सैलावू शकतात, असं २००८ साली प्रयोगातून दिसून आलं.

जोराचं मानचिन्ह अ‍ॅमेझॉनच्या पांढऱ्या बेलबर्डकडे आहे. जेफ्री पोडॉस आणि मारिओ कोन-हाफ्ट यांनी २०१९ मध्ये त्याचा आवाज मोजला, तो १२५ डेसिबल भरला. आधीचा विक्रम स्क्रीमिंग पिहाचा होता, ११६ डेसिबल. नऊच डेसिबलचा फरक दिसतो, पण डेसिबलचं मोजमाप सरळ बेरजेचं नाही. नऊ डेसिबल वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता सुमारे आठपट. हा सगळा कल्लोळ करणारा पक्षी पाव किलोचा असतो.

आणि एवढ्या कोलाहलात नेमका आवाज वेचणं पक्ष्यांना किती सहज जमतं, हे किंग पेंग्विनने दाखवलं आहे. त्यांच्या वसाहतीत हजारो पक्षी दाटीवाटीने उभे असतात. समुद्रावरून परतलेली आई किंवा बाप हाक घालतो, आणि पिल्लू ती बरोबर उचलतं. आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा हाक सहा डेसिबलने दबकी असली तरी, म्हणजे तीव्रता गोंगाटाच्या पावपट असली तरी, पिल्लू चुकत नाही. चुकलं तर उपाशी राहतं.

एका मुलाचा शामा

हे आवाज पकडून ठेवायची सुरुवात आपल्या देशातही राहणाऱ्या एका पक्ष्यापासून झाली. १८८९ साली जर्मनीत लुडविग कॉख या आठ वर्षांच्या मुलाने आपल्या पिंजऱ्यातल्या शामाचं गाणं एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर मुद्रित केलं. पक्ष्याच्या आवाजाचं हे सर्वांत जुनं ज्ञात ध्वनिमुद्रण. शामा सह्याद्रीच्या दाट रानातही गातो. कॉख पुढे नाझी जर्मनीतून निसटून ब्रिटनला गेले आणि बीबीसीवरून घराघरांत पक्ष्यांचे आवाज पोचवू लागले.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने रानातल्या मोकळ्या पक्ष्यांचं आपलं पहिलं ध्वनिमुद्रण १९२९ मध्ये केलं. तिथली मॅकॉले लायब्ररी त्याच कामातून वाढली. १९५० च्या दशकात केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी आवाजाचं चित्र काढणारं यंत्र पक्ष्यांच्या अभ्यासात आणलं. आडव्या रेषेत वेळ, उभ्या रेषेत पट्टी आणि शाई जितकी गडद तितका आवाज मोठा. कानाला थरथर वाटणारी लकेर कागदावर सुटी सुटी दिसू लागली. या चित्राला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. आजचे मोबाइल अ‍ॅप ओळखतात ते हेच चित्र.

२००५ साली नेदरलँड्समधून सुरू झालेल्या झेनो-कँटो या खुल्या संग्रहात आता दहा लाखांहून अधिक ध्वनिमुद्रणं आहेत आणि प्रजाती दहा हजारांच्या पुढे गेल्या आहेत. प्रत्येक मुद्रण मिनिटभराचं धरलं आणि रोज आठ तास ऐकायला बसलं, तर सगळा संग्रह एकदा ऐकून व्हायला पावणेसहा वर्षं लागतील. सुट्टी न घेता.

तरी हा संग्रह माणसांनी वेचून, निवडून भरलेला आहे. आता रानात यंत्रं टांगून ठेवतात. ऑडिओमॉथसारखा तळहातावर मावणारा रेकॉर्डर झाडाला बांधला आणि सेकंदाला ४८,००० नमुने या दराने चालू ठेवला, तर एका दिवसात ४१४ कोटी ७२ लाख आकडे गोळा होतात. जागा लागते ८.३ जीबी. असे शंभर रेकॉर्डर महिनाभर चालले तर ७२,००० तासांचा आवाज साठतो. रोज आठ तासांच्या हिशेबाने तो ऐकायला साडेचोवीस वर्षं हवीत, म्हणजे एका माणसाची जवळजवळ अख्खी नोकरी. ऑस्ट्रेलियाने तर ९० ठिकाणी प्रत्येकी चार, असे ३६० रेकॉर्डर पाच वर्षं अखंड चालवायचा बेत आखला. ३६० गुणिले पाच, म्हणजे १,८०० वर्षांचा आवाज.

आठ प्रश्न आधीच सुटलेले

आता वजाबाकीकडे येऊ. जून महिना आहे, पहिला पाऊस पडून गेला आहे आणि तुम्ही पहाटे सह्याद्रीतल्या एखाद्या रानात उभे आहात. जगातल्या ११,००० प्रजातींपैकी भारतात सुमारे १,३५० आढळतात. नुसतं भारतात असण्याने आठातले सात पक्षी बाद झाले. चौदापैकी तीन प्रश्न इथेच सुटले.

महाराष्ट्रात साडेपाचशेच्या वर प्रजातींची नोंद आहे. हिमालयातले फेझंट, अंदमानची कबुतरं, ईशान्येचे कितीतरी सातभाई गेले. चौथा प्रश्न सुटला, पाचवा अर्धामुर्धा.

मग महिना. जूनमध्ये हिवाळी पाहुणे उत्तरेला परत गेलेले असतात. बहुतेक धोबी नाहीत, थंडीतली बदकं नाहीत, आणि सगळ्यांत मोठी सुटका म्हणजे ते पानांआडचे एकसारखे दिसणारे वटवटे नाहीत. उलट याच सुमाराला नवरंग विणीसाठी रानात आलेला असतो आणि पहाटे-संध्याकाळी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. मग जागा. आजूबाजूला झाडी आहे, म्हणून चिखलातले, किनाऱ्यावरचे आणि माळावरचे पक्षी वगळले. मग वेळ. पहाट आहे, रातवे गप्प व्हायला लागलेत. ढोबळ हिशेबाने यादीत चाळीसच्या आसपास नावं उरतात.

११,००० वरून ४० वर यायला आठ प्रश्न खर्ची पडले आणि अजून एकही आवाज ऐकलेला नाही. ते आठ प्रश्न नकाशा, दिनदर्शिका आणि घड्याळाने सोडवले. कानाच्या वाट्याला उरले सहा, कारण दोनाचा सहावा घात ६४.

हे सहा प्रश्न कुणालाही विचारता येतात. शीळ आहे की खरखर? तेच ते चाललंय की दर वेळी नवीन? पट्टी चढते की उतरते? आवाज जमिनीजवळून येतो की शेंड्यावरून? सुरांमध्ये अंतर सारखं आहे की लय वाढत जाते? आणि सूर मोजून किती?

हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण कोकीळ कुळात तोच निकाल लावतो. कॉमन कुकूची साद दोन सुरांची. इंडियन कुकूची चार सुरांची. पावशाची तिहेरी, आणि आवर्तनागणिक वरच्या पट्टीत चढत जाणारी. शेतकऱ्यांना तिच्यात ‘पेरते व्हा’ ऐकू येतं. तिघेही करडे-तपकिरी, तिघेही पानांत दडलेले. पण दोन, तीन, चार मोजता येत असेल तर चुकायची धास्ती नाही. रातव्यांचंही तसंच. पाचोळ्यावर बसलेल्या दोन जातींचे रातवे हातभर अंतरावरून पाहूनही जाणकारांत वाद होतात. रात्री एकदा तोंड उघडलं की वाद संपतो.

अमेरिकेचे टेड पार्कर हे याबाबतीतलं टोकाचं उदाहरण. दक्षिण अमेरिकेच्या रानात आयुष्य घालवलेल्या या माणसाला सुमारे चार हजार प्रजाती आवाजावरून ओळखता यायच्या, असं त्यांचे सहकारी सांगतात. १९९३ मध्ये इक्वेडोरमधल्या विमान अपघातात ते गेले. चार हजार म्हणजे जगातल्या पक्ष्यांच्या एक तृतीयांशाहून अधिक. पण त्यांच्यापुढेही कुठल्याही एका पहाटे चार हजार पर्याय नसणार. नदीचा कुठला काठ, किती उंची, बांबू आहे की नाही, एवढ्याने यादी आपोआप छाटली जाते.

शंभरात एक चूक

यंत्रही याच वाटेने जातं. कॉर्नेल आणि जर्मनीतल्या केमनिट्झ विद्यापीठातल्या संशोधकांनी तयार केलेलं बर्डनेट सहा हजारांहून अधिक प्रजाती ओळखतं. ते आवाजाचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे पाडतं, प्रत्येकाचं चित्र काढतं आणि चित्रावरून नाव सुचवतं. त्याला ठिकाण आणि आठवडा सांगितला की तिथे त्या दिवसांत नसणाऱ्या प्रजाती ते आधीच गाळून टाकतं. म्हणजे आपले ते आठ प्रश्न.

पण मोठ्या आकड्यांत एक खोडी दडलेली असते. चोवीस तासांत तीन सेकंदांचे २८,८०० तुकडे होतात. समजा, आपण एक दुर्मीळ पक्षी शोधतोय आणि तो दिवसभरात वीस तुकड्यांत खरोखर बोलला. यंत्र इतकं चांगलं की ते वीसही पकडतं आणि बाकीच्या तुकड्यांत शंभरातून एकदाच चुकतं. ९९ टक्के अचूक म्हटल्यावर आपण खूश होतो. पण २८,८०० चा एक टक्का म्हणजे २८८. यंत्र ३०८ वेळा ‘सापडला’ म्हणून ओरडेल आणि त्यातलं पंधरातून एकच खरं असेल.

मग यंत्र निकामी का? मुळीच नाही. ३०८ तुकडे ऐकायला साडेपंधरा मिनिटं लागतात. यंत्राने चोवीस तासांची साडेपंधरा मिनिटं केली, आणि उरलेल्या मिनिटांत खरं-खोटं करायला माणसाचा कान बसवला. यंत्राच्या पहिल्याच हाकेवर विश्वास ठेवून ‘दुर्मीळ पक्षी दिसला’ म्हणून जाहीर करणाऱ्यांची फजिती होते, ती या २८८ मुळे.

महाराष्ट्रात हा हिशेब कागदावरचा नाही. रानपिंगळा या छोट्या घुबडाचा शोध १८७२ मध्ये लागला. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळच्या रानात दिसला. मधली ११३ वर्षं विज्ञानाकडे होती ती संग्रहालयातली मोजकी कातडी, आणि कातडीला आवाज नसतो. पुन्हा सापडल्यावर त्याच्या सादा मुद्रित झाल्या, त्यांचं वर्णन छापून आलं, आणि मग तोरणमाळ, यावल, मेळघाट अशा रानांत त्याला ऐकून शोधणं शक्य झालं. प्रौढ रानपिंगळे आज हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे. त्याच रानांत साधा पिंगळाही राहतो आणि तो कितीतरी पटींनी जास्त बोलतो. पिंगळ्याचे सगळे आवाज वजा करता आल्याशिवाय रानपिंगळा हाती लागत नाही.

वजाबाकी उलटी फिरते तेव्हा

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात सुमारे ५० अब्ज रानपक्षी आहेत, म्हणजे माणशी सहा. पण वाटणी विलक्षण विषम आहे. एकट्या चिमण्या १६० कोटी, तर सुमारे १२ टक्के प्रजातींची जगभरातली संख्या प्रत्येकी पाच हजारांच्या आत. बहुसंख्य आवाज थोड्या जातींचे आणि बहुसंख्य जातींचे आवाज थोडे.

संख्या फारच घटली तर ओळखीची खूणच पुसली जाते. ऑस्ट्रेलियातले रीजंट हनीईटर आता तीनशेच्या आसपास उरलेत. २०२१ च्या एका अभ्यासात असं आढळलं, की त्यांचे १२ टक्के नर आपल्या जातीचं गाणं गातच नाहीत, दुसऱ्याच पक्ष्यांचं गातात. पिल्लांना शिकवायला आसपास बुजुर्ग नर नाही, मग जे कानावर पडतं ते ती उचलतात. माद्या अशा नरांकडे फारशा फिरकत नाहीत. इथे आपले सहाच्या सहा प्रश्न बरोबर विचारले तरी उत्तर चुकीचं येईल.

याउलट गोष्ट घडली अरुणाचलात. २००९ च्या जूनमध्ये पेर आलस्ट्रॉम आणि शशांक दळवी एका थ्रश पक्ष्याचा माग घेत होते. पुस्तकं त्याला एकच जात मानत होती. पण उंचावरच्या उघड्या खडकाळ भागात त्याचं गाणं खरखरीत होतं, आणि खालच्या जंगलात गोड. रंगरूप जवळपास तेच. संशय घेऊन त्यांनी सात देशांतल्या पंधरा संग्रहालयांतले नमुने तपासले, डीएनए पाहिला. दोन्ही पक्ष्यांच्या वाटा काही दशलक्ष वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या होत्या. २०१६ मध्ये जंगलातला पक्षी नवी प्रजाती म्हणून जाहीर झाला. नाव ठेवलं झूथेरा सालिमअलीआय, डॉ. सालिम अली यांच्यावरून. ज्यांना एक गाणं पक्कं माहीत होतं, त्यांनाच दुसरं खटकलं.

म्हणून सुरुवात दुर्मिळांपासून करू नये. आपल्या गल्लीत रोज ऐकू येणारे आवाज वीस-पंचवीसच असतात: कावळा, साळुंकी, बुलबुल, दयाळ, शिंपी, सूर्यपक्षी, तांबट, कोकीळ, भारद्वाज, टिटवी, पिंगळा आणि आणखी काही. महिन्याला दोन पक्के केले तर वर्षभरात ते सगळे होतात. त्यानंतर कानावर येणारा प्रत्येक अनोळखी आवाज या पंचवीसांतला नसल्याची खात्री असते, आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करायची वेळ तीच. ११,००० मधले १०,९७५ माहीत नसले तरी चालतं. रोजचे पंचवीस वजा करता यायला हवेत.